तारेवरचे हेलपाटे

(खेड येथे महसूल, पंचायत व पुरवठा विभागांच्या तालुका पातळीवरील कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संगणकाच्या विषयावर कला शाखेच्या पदवीधराने बोलावे, हे थोडेसे धारिष्ट्याचेच काम आहे. परंतु माहिती खात्याच्या नोकरीत माझे बरेचसे दिवस कार्यालयांच्या बाकांवर ताटकळत बसलेल्या माणसांशी बोलण्यात गेले, आणि "सर्व्हर स्लो आहे" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले की त्याचा अर्थ शोधून काढणे मला भाग पडले. जाणकारांना विचारून, चार पुस्तके चाळून जे हाती लागले, ते आपल्याच भाषेत आपल्यापुढे ठेवतो.

आरंभी एक प्रसंग सांगतो. कोकणातीलच एका तालुक्याचे कार्यालय होते; नाव घेण्याचे कारण नाही. एक वृद्ध बाई सकाळच्या एस.टी.ने वाडीवरून आल्या होत्या. नवऱ्याच्या पश्चात वारसनोंद झाली होती आणि तिचा उतारा हवा होता. दुपारची परतीची गाडी चुकली तर मुक्काम पडणार होता आणि घरी दुभती म्हैस होती. संगणकापुढे बसलेला तरुण लिपिक बिचारा कळफलक बडवीत होता आणि पडद्यावरचे चक्र फिरत होते. तो म्हणाला, "मावशी, बसा जरा. सर्व्हर स्लो आहे." बाईंनी विचारले, "कुठं ऱ्हातो तो?" लिपिक हसून म्हणाला, "मुंबईला." त्यावर त्या अगदी सहज म्हणाल्या, "मग येळ लागायचाच. माझा झिलगा पन तिथंच हाय."

त्या वेळी आम्ही सारे हसलो. पुढे या विषयाचा थोडा अभ्यास झाल्यावर माझ्या लक्षात आले की, त्या खोलीत रोगाचे निदान जर कोणी केले असेल, तर ते त्या बाईंनीच. त्या कार्यालयाने कालांतराने तक्रार केली, पत्रव्यवहार झाला आणि तारेची क्षमता दुप्पट करून मिळाली. चक्र मात्र जवळजवळ तितकाच वेळ फिरत राहिले. असे का व्हावे, हाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

एकाच इमारतीतील संगणक परस्परांना जोडले की कार्यालयांतर्गत जाळे तयार होते. गावोगावची कार्यालये दूरवरच्या सर्व्हरला जोडली की त्यास विस्तृत क्षेत्र जाळे म्हणतात. या दुसऱ्या जाळ्यात दोन गोष्टी मोजाव्या लागतात, आणि आपण त्यांची हटकून गल्लत करतो. एक म्हणजे तारेची रुंदी, अर्थात एका सेकंदात तिच्यातून किती मजकूर जाऊ शकतो. दुसरी म्हणजे वाटेची लांबी, अर्थात एक निरोप जाऊन त्याचे उत्तर परत येण्यास किती वेळ लागतो. महामार्ग चौपदरी केल्याने एका वेळी अधिक गाड्या जाऊ शकतात, हे खरे. परंतु एखाद्या माणसाला खेडहून मुंबईस एकेक कागद घेऊन दोनशे वेळा जावे-यावे लागत असेल, तर रस्ता आठपदरी करूनही त्याचे आयुष्य प्रवासातच जाईल. त्याला रुंद रस्ता नको आहे. त्याचे हेलपाटे कमी व्हायला हवे आहेत. हेलपाटा हा शब्द आपल्या कार्यालयांनी जनतेला फार पूर्वीपासून शिकवला आहे. तो आता तारेलाही लागू पडतो.

थोडा हिशेब करू. समजा, एक नमुना पडद्यावर पूर्ण उमटण्यासाठी सर्व्हरला दोनशे वेळा विचारणा करावी लागते: गावाचे नाव आण, गट क्रमांक आण, पहिल्या खातेदाराचे नाव आण, दुसऱ्याचे आण, याप्रमाणे. सर्व्हर शेजारच्या खोलीत असेल आणि एका खेपेस अर्धा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दोन हजारावा भाग, लागत असेल, तर सारे काम सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात आटोपते. तोच सर्व्हर ४० मिलिसेकंदांच्या वाटेवर असेल, तर ८ सेकंद लागतात. वाट उपग्रहाची असेल आणि खेपेस अर्धा सेकंद लागत असेल, तर १०० सेकंद. हा एका उताऱ्याचा हिशेब झाला; रांगेत मात्र तीस माणसे उभी असतात.

आता जे कार्यक्रम रचतात, त्यांच्याकडे पाहा. त्यांची बैठक आणि सर्व्हर बहुधा एकाच शहरात, कित्येकदा एकाच इमारतीत असतात. चाचणी तेथेच होते, नमुना चटकन उघडतो आणि कार्यक्रम मंजूर होतो. त्यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो. दोनशे खेपा त्यांना दिसत नाहीत, इतकेच. माझे स्पष्ट मत असे आहे की, तालुक्यांसाठी तयार होणाऱ्या कोणत्याही कार्यक्रमाची चाचणी घाटाखालच्या एखाद्या तालुक्यात, भर कामाच्या वेळी झाल्याखेरीज तो पुरा झाला असे मानू नये. दोनशे विचारणांची एकच विचारणा करून "हा सारा नमुना एकदम दे" असे सर्व्हरला सांगणे रचनाकारांना सहज शक्य असते. त्यासाठी नवी तार लागत नाही. लागतात ती कामाची काही आठवड्यांची फेरमांडणी आणि ती करून घेण्याची इच्छा. जुन्या काळी तार करताना शब्दाला पैसे पडत. त्यामुळे अडाणी मनुष्यदेखील सगळा मजकूर एकाच तारेत बसवून पाठवी. जुलै २०१३ मध्ये ती तारसेवा बंद झाली आणि तिच्याबरोबर ही काटकसरही आपण विसरलो की काय, असे वाटते.

वाटेची लांबी कशी ठरते, हे खेडच्याच उदाहरणावरून पाहण्यासारखे आहे. केंद्र शासनाने मार्च २००५ मध्ये राज्यांच्या विस्तृत क्षेत्र जाळ्यांची योजना मंजूर केली. तिचा आराखडा ३,३३४ कोटी रुपयांचा होता आणि राज्य मुख्यालयापासून जिल्ह्यापर्यंत व जिल्ह्यापासून तालुक्यापर्यंत किमान २ मेगाबिट प्रतिसेकंद क्षमतेचे दुवे द्यावेत, असे तिचे स्वरूप होते. ही उतरंड आपल्या प्रशासनाच्या उतरंडीप्रमाणेच आहे. तिच्या हिशेबाने खेडचा निरोप मुंबईस जायचा, तर तो आधी दक्षिणेस रत्नागिरीला जाणार आणि तेथून वळून उत्तरेकडे येणार. चाकरमान्याने गणपती आटोपून मुंबईची गाडी पकडण्यासाठी आधी रत्नागिरी गाठावी, असाच हा प्रकार.

परंतु येथे न्यायाने बोलले पाहिजे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. अडीचशे किलोमीटरचा वळसा पडला, तरी त्यापायी खेपेमागे अडीच मिलिसेकंद वाढतात. तेवढ्याने कोणाची एस.टी. चुकत नाही. वेळ जातो तो थांब्यांवर. प्रत्येक जोडबिंदूवर निरोप उतरतो, रांगेत उभा राहतो आणि पुढच्या तारेवर चढतो. वाटेत एखादा दुवा जुना व अरुंद असला की रांग तेथेच लांबते. मैलांपेक्षा थांबे मोजावेत, असा याचा अर्थ.

उपग्रहाची गोष्ट वेगळी. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची स्थापना १९७६ साली झाली आणि पुढच्या दशकात त्याच्या जाळ्याने देशभरातील जिल्हा मुख्यालये छोट्या तबकड्यांच्या साहाय्याने उपग्रहामार्फत जोडली. ज्या काळी परगावी दूरध्वनी लागण्यासाठी दिवस दिवस वाट पाहावी लागे, त्या काळात हे काम झाले, हे विसरता कामा नये. मात्र भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतो. निरोप वर जाऊन खाली येण्यासच पाव सेकंद लागतो आणि उत्तर तितकाच वेळ घेते. हा निसर्गाचा नियम आहे. त्यावर निविदा मागवता येत नाही. आजही जेथे तंतू पोहोचलेला नाही किंवा तो तुटला आहे, तेथे अशा उपग्रहावर विसंबताना हा अर्धा सेकंद गृहीत धरूनच काम आखले पाहिजे.

आता मी आपणास सर्व्हरच्या आतील एक गोष्ट सांगतो. ती आपल्या आवक-जावक विभागाशी इतकी मिळतीजुळती आहे की, समजण्यास अडचण पडू नये. सर्व्हर मोठा मजकूर एकसंध पाठवीत नाही. त्याची सुमारे दीड हजार बाइटांची लहान लहान पाकिटे करतो. काही पाकिटे पाठवली की तो थांबतो आणि पोच येण्याची वाट पाहतो. पोच आली की पुढची पाकिटे. पोच येण्यापूर्वी जास्तीत जास्त किती मजकूर पाठवावा, या मर्यादेला 'विंडो' म्हणजे खिडकी म्हणतात. मूळ नियमांत ही खिडकी ६५,५३५ बाइटांहून मोठी होऊ शकत नसे. उपग्रहाच्या वाटेवर पोच येण्यास अर्धा सेकंद लागतो, म्हणजे सेकंदाला अशा दोनच खिडक्या भरता येतात. हिशेब केला तर सेकंदाला जेमतेम १० लाख बिट होतात. तार २ मेगाबिटची असो की २० मेगाबिटची, एका जोडणीवरून मिळणार तेवढेच. उरलेली तार रिकामी, सर्व्हर पोचेची वाट पाहत स्वस्थ बसलेला आणि इकडे रांग उन्हात. १९९२ मध्ये ही खिडकी मोठी करण्याचा नियम आला. आजच्या सर्व्हरांत ती सोय असतेच. परंतु वाटेतील एखादे जुने यंत्र किंवा कोणे एके काळी कोणी तरी घालून ठेवलेली मर्यादा तिला निष्फळ करू शकते. तारेची क्षमता वाढवूनही वेग जागचा हलत नसेल, तर तज्ज्ञांनी आधी ही खिडकी तपासावी.

आरंभाची गोष्टही अशीच. नवी जोडणी झाल्यावर सर्व्हर एकदम सुटत नाही. आधी थोडी पाकिटे, पोच आली की दुप्पट, मग पुन्हा दुप्पट, असा तो सावधपणे पुढे जातो. आरंभीचा घास ३ पाकिटांचा असेल, तर १०० किलोबाइटचे पान पोहोचण्यास ५ खेपा लागतात. १० पाकिटांचा असेल, तर ३ खेपा पुरतात. २०१३ साली दहाची शिफारस झाली. एका ओळीचा बदल आणि दोन हेलपाटे वाचले! शिवाय दर विचारणेस नवी जोडणी करायची नाही, झालेली जोडणीच चालू ठेवायची, एवढे पथ्य पाळले तरी ओळखपाळख आणि सुरक्षेची कुलपे यांपायी होणाऱ्या दोन-तीन खेपा प्रत्येक वेळी वाचतात.

हा सावधपणा आला कोठून, याची हकिगत मनोरंजक आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात आणि तेथून अवघ्या चारशे यार्डांवर असलेल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत दळणवळण जवळजवळ ठप्प झाले. सेकंदाला ३२ हजार बिटांचा वेग ४० बिटांवर आला. तार शाबूत होती, अंतर हाकेचे होते. घडत होते ते असे: पोच येण्यास जरा उशीर झाला की प्रत्येक संगणक तेच पाकीट पुन्हा पाठवी, त्यामुळे गर्दी वाढे, पोचेस आणखी उशीर होई आणि पुन्हा तेच पाकीट निघे. आपल्याकडे एका पत्राचे उत्तर येण्यापूर्वीच चार स्मरणपत्रे निघतात, त्याचीच ही यांत्रिक आवृत्ती. व्हॅन जेकबसन या संशोधकाने त्याची कारणे शोधली आणि १९८८ मध्ये उपाय प्रसिद्ध केला. पाकीट हरवले, तर वाटेत गर्दी आहे असे समजून पाठवणाऱ्याने स्वतःहून हात आखडता घ्यावा. आजचे सारे इंटरनेट या संयमावर उभे आहे.

मात्र याच संयमाचा कोकणात एक उलटा परिणाम होतो. आपल्याकडे पाकिटे नेहमीच गर्दीने हरवतात असे नाही. खेडला वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. बिनतारी दुव्यांच्या उच्च लहरी मुसळधार पावसात क्षीण होतात. खणाखणीत तुटलेला तंतू घाईने सांधला असेल, तर सांध्यावर मजकूर गळतो. सर्व्हरला हे कसे समजावे? तो बिचारा गर्दी समजून वेग कमी करतो. गळती चौपट झाली की वेग निम्म्यावर येतो आणि वाट जितकी लांब, तितका हा फटका मोठा. मुंबईतील कार्यालयास जी गळती जाणवणारही नाही, ती खेडला पांगळे करते. म्हणून सांधा नीट करणे हे कंत्राटदाराच्या बिलातील क्षुल्लक कलम समजू नये. २०१६ पासून काही नव्या सर्व्हरांत गळती आणि गर्दी यांत फरक करू पाहणाऱ्या पद्धती आल्या आहेत. त्यांचा उपयोग होतो, पण वाईट सांध्याला त्या पर्याय नव्हेत.

वाटेचे इतके झाले, आता ओझ्याविषयी. आपली मायमराठी या बाबतीत थोडी महाग पडते. संगणकाच्या प्रचलित संकेतपद्धतीत रोमन लिपीतील एका अक्षरास एक बाइट लागतो, तर देवनागरीतील प्रत्येक वर्णास, काना-मात्रा-वेलांटीसही, तीन बाइट लागतात. 'खेड' हा शब्द लिहिण्यास ख, मात्रा आणि ड मिळून नऊ बाइट होतात. तोच रोमन लिपीत चार बाइटांत मावतो. म्हणून मराठी सोडावी, असे कोणी सुचवील, तर त्याला आपण चहा पाजून परत पाठवावे. कारण उपाय सोपा आहे. पाठवण्यापूर्वी सर्व्हरने मजकूर आवळून लहान केला, तर वारंवार येणाऱ्या त्याच त्या वर्णांमुळे हा बोजा पुष्कळसा उतरतो. ही सोय सर्व्हरात असतेच. ती चालू आहे ना, एवढे पाहायचे. बोधचिन्ह, टंक, गावांची यादी यांसारख्या रोज न बदलणाऱ्या गोष्टी तालुक्याच्या संगणकातच साठवून ठेवता येतात. गावांची यादी दर उताऱ्यास मुंबईहून मागवणे म्हणजे घरच्या विहिरीला पाणी असताना नदीवर घागरी पाठवणे आहे.

खरे ओझे असते ते चित्रांचे. एक साधा कागद इंचास ३०० ठिपक्यांच्या हिशेबाने रंगीत टिपला, तर आवळण्यापूर्वी त्याचे वजन सुमारे २६ मेगाबाइट भरते. तोच काळा-पांढरा टिपला, तर सुमारे १ मेगाबाइट. अर्जदाराच्या शिधापत्रिकेची छायाप्रत रंगीत कशासाठी हवी? २ मेगाबिटच्या तारेवर १० मेगाबाइटची एक फाईल चढवण्यास ४० सेकंद लागतात, आणि तेवढा वेळ तिच्यामागे शेजारच्या खिडकीवरील लहानशी विचारणा खोळंबून राहते. दवाखान्याच्या रांगेत ट्रक उभा करावा, तसे हे आहे. जोडयंत्रांत लहान व तातडीच्या निरोपांना आधी वाट देण्याची तजवीज करता येते. ती करून घ्यावी. दप्तराच्या प्रतिलिपी अकरा वाजता न पाठवता रात्री पाठवाव्यात आणि त्यातही कालच्यापेक्षा जेवढे बदलले तेवढेच पाठवावे. तशा पद्धती १९९६ पासून उपलब्ध आहेत. पूर्ण दप्तर रोज वाहून नेणारा हमाल आजकाल कोणी ठेवत नाही.

१ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला, ही निश्चितच मोठी सोय झाली. पण सोय जितकी मोठी, तितके तिच्यावरचे अवलंबनही मोठे. पूर्वी चावडीत दप्तर होते. तलाठी भेटला की काम होई. आता दप्तर तारेच्या पलीकडच्या टोकाला आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली-मंडणगडकडील विजेचे खांब आडवे झाले, मनोरे बंद पडले आणि कित्येक गावे दीर्घकाळ संपर्काबाहेर राहिली. २२ जुलै २०२१ रोजी जगबुडी आणि वाशिष्ठीचे पाणी खेड व चिपळूणच्या बाजारपेठांत शिरले. अशा दिवशी पंचनामे करावे लागतात, शिधावाटप करावे लागते आणि नेमकी तेव्हाच तार मुकी होते. तार तुटली तरी नोंद तालुक्याच्या यंत्रात घेता यावी आणि तार जोडताच ती आपोआप सर्व्हरला जाऊन मिळावी, ही सोय ज्या कार्यक्रमात नाही तो कोकणच्या कामाचा नाही, असे मी भीड न बाळगता म्हणेन. दोन ठिकाणी झालेल्या नोंदींचा मेळ घालणे किचकट असते, हे मला तज्ज्ञांनी बजावून सांगितले आहे. परंतु चार दिवस हात बांधून बसण्यापेक्षा ते पत्करले.

यातील बरेचसे आपल्या हाती नाही, असे आपण म्हणाल. आणि ते खरे आहे. खिडकीची मापे आणि आरंभीचे घास मुंबई-पुण्याचे अभियंते ठरवतील. पण त्यांना कळवायचे कोणी आणि कोणत्या शब्दांत? "सर्व्हर स्लो आहे, योग्य ती कार्यवाही व्हावी" या पत्रावर कोणालाच काही करता येत नाही. त्याऐवजी अमुक दिवशी अकरा वाजता सर्व्हरची खेप इतक्या मिलिसेकंदांची होती, सायंकाळी सहाला इतकी, शंभर पाकिटांपैकी इतकी हरवली आणि नमुना उघडण्यास घड्याळाने इतके सेकंद लागले, असे लिहिले, तर वाचणाऱ्याला रोगाची जागा सापडते. सकाळी व सायंकाळी आकडे सारखेच असतील आणि नमुना तरीही रेंगाळत असेल, तर दोष कार्यक्रमाच्या हेलपाट्यांत. सकाळी आकडा फुगत असेल, तर रांगेत. पाकिटे हरवत असतील, तर सांध्यात.

हे मोजण्यास 'पिंग' नावाची एक साधी आज्ञा प्रत्येक संगणकात असते. तिच्यासाठी कोणाची मंजुरी लागत नाही. आवक-जावक नोंदवहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर चार रकाने आखले की झाले. दिनांक, वेळ, मिलिसेकंद, हरवलेली पाकिटे. पाचवा रकाना मी माझ्या अधिकारात सुचवतो: त्या वेळी बाकावर बसलेली माणसे.

चहानंतर शेजारच्या दालनात सहा संगणक मांडून ठेवले आहेत. तेथे दोघादोघांनी बसावे आणि पहिली नोंद आजच्या अकराची नव्हे, तर आत्ताची, तीन वाजून दहा मिनिटांची करावी.